सहा गिटारी आणि एक पलंग

लाइनमनकाकांना टेकलेली वस्तू बघवत नसे. भिंतीला टेकलेला झाडू, झाडाला टेकलेली सायकल, दाराच्या चौकटीला टेकलेला पाहुणा, काहीही असो, काकांचा जीव वरखाली व्हायचा. झाडू ते आडवा करत, सायकल स्टँडवर चढवत आणि पाहुण्याला खुर्ची देत. एकदा आमच्याकडे पूजेला आले होते. प्रसादाला हात लावण्याआधी त्यांनी आमच्या अंगणातली शिडी भिंतीपासून काढून जमिनीवर झोपवली. आई म्हणाली, "भाऊजी, ती रोजच तिथे असते." काका म्हणाले, "असते ना वहिनी. टेकलेली वस्तू म्हंजे पडलेलीच वस्तू. फक्त पडाची वेळ बाकी हाय."

काका बिजली ऑफिसातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. गोंदियाजवळ फुलचूरला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. अंगाने काडी, हात तर शाळकरी मुलाएवढे. खांबावर चढायला हलका माणूस पाहिजे म्हणून देवाने हे मॉडेल मुद्दाम काढलं असावं. जन्मभर वाकलेले खांब बघून बघून त्यांना एक सवय जडली होती. कोणतीही उभी गोष्ट दिसली की डावा डोळा मिटून उजव्याने तिचा ओळंबा घ्यायचा. देवळाचा कळस, लग्नातला नवरदेव, कोणीच यातून सुटलं नाही. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात हार घालायच्या वेळी सगळे अक्षता टाकत होते आणि काका एक डोळा मिटून जावयाकडे बघत होते. "उजवीकडं जराक झुकते," म्हणाले, "पन पडनार नाही."

असा माणूस गिटारीच्या नादी कसा लागला? तर लग्नांमुळेच. मांडवात लाइटचं तात्पुरतं कनेक्शन द्यायला काकांना बोलावत. कनेक्शन दिलं की फ्यूज उडू नये म्हणून त्यांना तिथेच बसावं लागे, आणि फ्यूजची पेटी नेमकी ऑर्केस्ट्राच्या मागे असे. वीस-बावीस वर्षं काकांनी वेगवेगळ्या गिटारवाल्यांची पाठ बघितली. पाठ आणि पाठीवरून दिसणारी बोटं. त्यातून ते शिकले. रिटायर होताना ऑफिसच्या लोकांनी घड्याळ देऊ केलं, तर म्हणाले, "आता वेळ पाहून कुठं जाचं हाय मले? देता तर गिटार द्या." ऑफिसवाल्यांनी दिली. काकूंनी महिनाभर ऑफिसवाल्यांच्या नावाने बोटं मोडली.

मागून शिकलेला माणूस मागूनच शिकवणार. आम्ही गल्लीतली पाच मुलं एकेक करून त्यांच्याकडे शिकायला लागलो. आम्हाला पाटावर बसवून काका स्वतः मागे स्टुलावर बसत. समोर बसून शिकवा म्हटलं तर म्हणत, "समोरून मले सारं उलटं दिसते." त्यामुळे शिकवणीच्या चार वर्षांत मी काकांचा चेहरा क्वचितच बघितला. डावा हात चुकला की डाव्या खांद्यावर टिचकी, उजवा चुकला की उजव्या. दोन्ही चुकले की डोक्यावर. त्यांना स्वतःला पाच कॉर्ड येत. सहावी विचारली की म्हणत, "बोटं किती? पाच. मंग कॉर्ड किती पाहिजे?" आम्ही पाचच वाजवत राहिलो.

बारावी झाली की फुलचूरची मुलं घर सोडतात. कोणी नागपूर, कोणी पुणं, कोणी थेट हैदराबाद. मुलं जात आणि गिटारी मागे राहत. मग एखाद्या संध्याकाळी त्या मुलाची आई खोळीत घातलेली गिटार घेऊन काकांच्या दारात उभी राही. "भाऊजी, घरी पडून राहते. तुम्हीच ठेवा आता." काकांना नाही म्हणता येत नसे. पाच मुलांच्या पाच जमल्या आणि सहावी त्यांची स्वतःची. विकून टाका, कोणाला देऊन टाका, असं सगळे सांगत. काका म्हणत, "माही असती तर देल्ली असती. अमानत हाय." प्रत्येक गिटारीच्या गळ्यात त्यांनी मीटरला बांधतात तसा पत्र्याचा बिल्ला बांधला आणि त्यावर मालकाचं नाव आणि ग्राहक क्रमांक कोरला. ग्राहक क्रमांक चार म्हणजे मी. मी नागपूरला कॉलेजला गेले तेव्हा माझी गिटार आईने नाही, मी स्वतः नेऊन दिली. सुट्टीत येऊन वाजवीन म्हणाले होते. सहा वर्षांत एकदाही वाजवली नाही.

आता भिंतीला काही टेकवायचं नाही हा ज्या घरचा कायदा, त्या घरी सहा गिटारी ठेवायच्या कुठे? खिळ्याला टांगणं काकांना मंजूर नव्हतं. त्यांचं म्हणणं, जिवंत वाद्याला फाशी देऊ नये. जमिनीवर ओल. म्हणून सहाही जणी मधल्या खोलीतल्या पलंगावर, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी अशा ओळीने झोपत. काका-काकू खाली सतरंजीवर. काकूंची कंबर आधीच धानाच्या रोवणीत गेलेली, त्यात ही सतरंजी. पण एक सांगायला हवं. एका पावसाळ्यात मी सहज काकांची गिटार हलवली तर आतून खुळखुळ आवाज आला. उलटी केली तर भोकातून कडुनिंबाचा वाळलेला पाला खाली पडला. मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "तांदळात टाकतो तसा टाकला. लाकूडच हाय ना ते बी. कीड नाही लागाची?" सहाही गिटारींत पाला होता. काकांना तो वर्षभर कळला नव्हता. त्यांना वाटत होतं की ओलीमुळे आवाज बसलाय.

काकूंनी निर्वाणीचा इशारा दिला तो माझ्यासमोरच. मी तेव्हा शिक्षण संपवून, नोकरीची वाट बघत चार महिने घरी बसले होते आणि रोज संध्याकाळी काकांकडे चहाला जात होते. काकांची एकुलती एक मुलगी ममता बालाघाटला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. पोळा झाला की ती येणार होती. काकू चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "ममताचे बाबा, पोरगी येऊन राहिली. ती कुठं झोपन? गिटारीच्या गळ्यात गळा घालून?"

काका म्हणाले, "करू काही."

"काही नाही, पोळ्याच्या आंदी करा. नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा जाते ना मारबतीसंगं गावाबाहेर, तिच्या मागं ह्या सहा जनीबी जातीन."

हे रागाने बोलल्या, म्हणून काका हसले. पण दुसऱ्या दिवशी काकू भाजी निवडता निवडता अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी मागची धानाची कोठी झाडून ठेवते. पोळ्यापर्यंत नाही जमलं तर तिथं ठेवू." तेव्हा मात्र काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या कोठीत उंदीर होते. साधेसुधे नव्हे. मागच्या वर्षी त्यांनी रबराची चप्पल खाल्ली होती. सहा गिटारी म्हणजे त्यांच्या दृष्टीने सहा जेवणावळी. काका मला म्हणाले, "बाई, अडीच महिने हायत. चांगला स्टँड पाहिजे. सहाची एकदम सोय झाली पाहिजे, पन उभी वस्तू उभी राहिली पाहिजे."

पहिला स्टँड मी मागवला, मोबाइलवरून. चित्रात झकास दिसत होता. एका गिटारीचाच होता, पण बरा निघाला तर आणखी पाच मागवू असा आमचा बेत. काकांनी तो अंगणात उभा केला, त्यावर स्वतःची गिटार ठेवली आणि परीक्षा सुरू केली. त्यांच्या परीक्षा तीन. आधी एका बोटाने ढकलून बघायचं. मग जाता येता लागते तशी कंबर लावायची. शेवटी दार धाडकन लावायचं. बोटाला स्टँड वाकला. कमरेला त्याने एक पाय वर केला. दाराची गरजच पडली नाही. काकांनी गिटार हवेतच झेलली आणि म्हणाले, "ही वस्तू उभी नाही बाई. उभी राहाचा फक्त विचार करून राहिली." स्टँड परत गेला.

मग काका गोंदियाला एका वेल्डिंगवाल्याकडे गेले. तो फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचा. काकांनी त्याला गिटार दाखवली, सहाचा आकडा सांगितला आणि एकच अट घातली की ढोर टेकलं तरी हलला नाही पाहिजे. तो म्हणाला, "काका, ढोर क्या, हाथी टिक जाए तो भी नहीं हिलेगा." शब्दाला जागला बिचारा. आठ दिवसांनी टेम्पोतून स्टँड आला, तो उतरवायला चार माणसं लागली. जाड लोखंडी पट्ट्या, मध्ये कमळ, दोन्ही बाजूंना शुभ आणि लाभ, आणि वर ओळीने भाल्याची टोकं. काकांनी एका टोकाला बोट लावून बघितलं. मग विचारलं, "हे भाले कायले?"

"कोई कूद के अंदर ना आए।"

जन्मभर फाटकं केलेल्या हाताला भाल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटत नाही, यात त्याचा काय दोष. काकांनी तिन्ही परीक्षा घेतल्या. बोटाने बोट दुखलं, कमरेने कंबर. काका खूश होते. अडचण एवढीच की तो घराच्या दारातून आत जाईना. आडवा, उभा, तिरपा, सगळं करून झालं. दार काढून बघितलं. शेवटी तो अंगणातच राहिला आणि काकूंनी त्यावर दोडक्याचा वेल चढवला. त्या वर्षी दोडके भरपूर आले. आमच्या घरी मी दोडक्याचं नाव काढलं की वडील ताटावरून उठायचे.

रोवणी संपली तरी सहाही जणी पलंगावर. काकूंनी कोठी झाडून घेतली. काकांची झोप उडाली. तेव्हा त्यांना दरेकस्याचे दयाराम मिस्त्री आठवले. नोकरीच्या काळात काकांनी त्यांच्या घरी वीज जोडून दिली होती. सागवानाचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नाही अशी ख्याती. फोन लावला. आता खरी गंमत. काकांनी उभ्या आयुष्यात टेप वापरला नव्हता. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी आणि बाकी सगळं वितीने. मिस्त्रीही त्याच शाळेतले. काका गिटारीवर हात ठेवत फोनवर सांगत होते, "उंची पाच वीत धरा मिस्त्री. मानेची खाच चार बोटं. हो, चार." पलीकडून मिस्त्री म्हणाले, "समजलं." मीही तिथेच बसले होते, आणि मलाही सगळं समजलं असंच वाटलं.

वीस दिवसांनी मिस्त्री स्वतः स्टँड घेऊन गाडीने आले. त्यांना बघितलं आणि माझी नजर काकांच्या हातांकडे गेली. मिस्त्री दारात वाकून आत आले. पंजा म्हणजे सूप. चहाचा कप त्यांच्या हातात बाळाच्या बोंडल्यासारखा दिसत होता. स्टँड अतिशय देखणा होता, सागवानाला काय ते पॉलिश, एकही खिळा दिसत नव्हता. काकांनी त्यावर गिटार उभी केली. तिची मान खाचेच्या एक वीतभर खालीच राहिली. खाली विटा ठेवून उंच केली, तर चार बोटांच्या खाचेतून गिटारीचं डोकं अलगद पलीकडे निघून गेलं. मिस्त्रींच्या चार बोटांतून गिटारच काय, लहान मूल गेलं असतं.

काका कळवळून म्हणाले, "मिस्त्री, पाच वीत सांगतल्या होत्या ना?"

"पाचच हायत. मोजा." मिस्त्रींनी आपला पंजा लावून मोजून दाखवलं. बरोबर पाच.

काकांनी आपला चिमणा पंजा लावला. साडेसहा भरल्या. दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत राहिले. मग मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमची वीत पाहिजे होती तर वीत पाठवाची होती. फोनवर वीत दिसत नाही, भाऊ." काकू स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन मिस्त्रींना वाढलं, पोटभर जेवू घातलं आणि काकांकडे बघितलंही नाही. पुढे त्या स्टँडचं सोनं झालं. ममताच्या बाळाचा पाळणा त्याच्यावर टांगला गेला आणि तो इतका भक्कम निघाला की गल्लीतली आणखी दोन बाळं त्यावर वाढली. पण ते नंतर. त्या दिवशी काका अंगणात शुभ आणि लाभच्या मधे बसून होते आणि पोळ्याला तीन आठवडे राहिले होते.

त्याच आठवड्यात मला नागपूरला नोकरी लागली. निघताना काकांना भेटायला गेले, तर चेहरा उजळलेला. म्हणाले, "बाई, मी बी काय येडा. एका घरात सहाची जागा पाहून राहिलो. पाच घरं हायत ना! ज्याची त्याले नेऊन देतो. पन अशी नाही देनार. आंदी घर पाहीन."

आणि खरोखरच मुलीसाठी स्थळं बघावीत तसे काका निघाले. पहिलं घर तिरोड्याचं. त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी तिथल्या वीज प्रकल्पात लागलेला. त्याने काकांना पोहे दिले, जुन्या आठवणी काढल्या आणि गिटार घेऊन फ्रिजच्या मागे भिंतीला टेकवली. काका पोहे अर्धे टाकून उठले. गिटार काढली, खोळीत घातली आणि म्हणाले, "येतो. माही गाडी हाय." गाडीला तीन तास होते. दुसरं घर गोंदियातलंच, कापडाच्या दुकानाच्या वर. तिथे आधीपासून एक वीणा भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्यात प्लॅस्टिकची फुलं. काकांनी दारातूनच नमस्कार केला. बाकी दोन घरं मात्र जमली. आमगावचा पोरगा भजनात गिटार वाजवत होता, तारा गंजल्या होत्या पण बोटांना घट्टे होते. देवरीची पोरगी शाळेत शिकवत होती, तिने गिटार हातात घेताच वर्गातल्या मुलांना बोलावलं. काका मला फोनवर म्हणाले, "दोन उजवल्या. दोन परत आल्या. आता तुही."

मी कामाला लागले. माझी नागपूरची खोली म्हणजे एक पलंग, एक शेगडी आणि एक खिडकी. पण काका येणार म्हणून मी पहिल्या पगारावर उचल घेऊन चांगल्यातला चांगला स्टँड आणला. घडीचा, लोखंडी, पाय रुंद, खाली मऊ गादी, मानेला रबर. दुकानात एकीचा मिळाला नाही, तिघींचा होता, तोच घेतला. काकांच्या तिन्ही परीक्षा मी आधी स्वतः घेतल्या. दार इतक्यांदा आपटलं की मालकीणबाई वर येऊन विचारून गेल्या, कोणाशी भांडतेस.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळच्या पॅसेंजरने काका आले. मी स्टेशनवर गेले होते. गाडी थांबली तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर माझी गिटार बसलेली होती आणि काका तिच्यासमोर उभे. गोंदियापासून उभेच आले होते. कोणीतरी हरकत घेतली होती म्हणे. काकांनी त्याला सांगितलं, "तिकीट माहं हाय, सीट तिले देल्ली. तुमचं काही गेलं?"

खोलीत आल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. स्टँडवर गिटार ठेवली आणि बोट लावलं. हलला नाही. कंबर लावली, हलला नाही. दार आपटलं. खालून मालकीणबाईंचा आवाज आला, स्टँड मात्र जागचा हलला नाही. काकांनी डावा डोळा मिटून ओळंबा घेतला आणि खाली बसले. "हाच," म्हणाले. "अडीच महिने मी हाच शोधून राहिलो होतो." मला वाटलं, मी पास झाले. आयुष्यात कुठल्या निकालाचा इतका आनंद झाला नव्हता.

मग म्हणाले, "वाजव." आणि उठून माझ्या मागे जाऊन बसले.

मी वाजवायला घेतलं. पहिली कॉर्ड कशीबशी लागली. दुसरीला तार नुसती थाडथाड वाजली. तिसरी कुठून धरायची तेच आठवेना. मागून टिचकी येईल म्हणून मी खांदे आवळून बसले, पण टिचकी आली नाही. ते जास्त लागलं. काकांनी विचारलं, "आखरी केव्हा वाजवली होती?"

"मागच्या महिन्यात," मी म्हणाले.

"मागच्या महिन्यात तं ही माह्या पलंगावर होती, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने मी रोज त्यांच्या घरी चहा पीत होते, गिटार चार हातांवर होती, आणि मी एकदाही मागितली नव्हती. काकांनी ते तेव्हाही बघितलं असणार. कॉलेजात माझ्यापेक्षा बरं वाजवणारे खूप भेटले आणि मी लाजून सोडून दिलं, हे मी त्यांना सांगितलं. ते ऐकत ऐकत ताटावर बसले. जेवले. दोन पोळ्या मागून घेतल्या. मग उठले, स्टँडवरून गिटार उचलली आणि खोळीत घालायला लागतील म्हणून मी डोळे पुसायच्या बेतात होते, तर त्यांनी ती माझ्या पलंगावर बरोबर मधोमध झोपवली. स्टँडची घडी केली, पंच्यात बांधला आणि खांद्याला लावला.

"गिटार राहू दे," म्हणाले. "स्टँड नेतो."

काका म्हणाले, "तुही काकू रोज दुपारी त्या पलंगावर जराक आडवी होते. त्याच्यासाठी मले सहाही उचला लागत. उचलली का हात तारीले लागते. हात लागला का वाजते. सहा वर्ष अशाच वाजत्या राहिल्या त्या. चांगल्या स्टँडवर ठेवली तर दिसन चांगली, पन कोन उचलते? तुले आता झोपाचं असंल तर उचला लागंल."

मी त्यांना गाडीत बसवून दिलं. या खेपेला ते सीटवर बसले, स्टँड मांडीवर. आता मला सांगा, परत आलेल्या दोन आणि त्यांची स्वतःची एक, अशा तीन गिटारी घरी होत्या, स्टँडही तिघींचाच होता, आणि पोळा परवावर आला होता. काकांच्या त्या बोलण्यात शहाणपण किती आणि काकूंची भीती किती, हे मला आजही सांगता येत नाही. पण पलंग वेळेवर रिकामा झाला. ममता आली आणि पाय पसरून झोपली. गल्लीत काका ज्याला त्याला सांगत होते, नागपूरच्या पोरीनं खास माह्यासाठी स्टँड पाठवला.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. तब्येत नाही, नोकरी नाही, जेवण नाही. एकच प्रश्न. "उचलली का?" उचलली म्हटलं की फोन ठेवून देत.

काका गेल्याला आता दोन वर्षं होत आली. दुपारी काकूंसाठी खाट अंगणात टाकली, स्वतः खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या गेले. कुठे टेकले नाहीत, असं काकू सांगतात. मी गेले तेव्हा माझा स्टँड ओसरीवर तिन्ही गिटारी घेऊन ताठ उभा होता. काकू म्हणाल्या, "तुहा हाय तो, नेतं का?" मी नाही म्हणाले. रडू फार आलं, पण ममताचं पोर पाळण्यातून माझ्याकडे बघून हसत होतं, त्यामुळे नीट रडताही आलं नाही.

मागच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा वर्ध्याचा, गिटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं की ही बया पलंगावर का झोपते, एखादा स्टँड का घेत नाही आपण. मी सांगितलं, आपल्याकडे ज्याला आधी झोप येते त्याने ती उचलायची, असा नियम आहे. त्याला नेहमी आधी झोप येते. त्यामुळे आता त्याला दोन कॉर्ड येतात आणि तिसरी शिकणं चाललंय.

परवा रविवारी त्याने पहिल्यांदा तिसरीपर्यंत मजल मारली. मला कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आयकू दे." मी फोन गिटारीजवळ धरला. तो वाजवत होता, दुसरीवरून तिसरीवर जाताना अडखळत होता, परत पहिल्यापासून सुरू करत होता. गडबडीने मी फोन कानाला लावला.

मग काकू म्हणाल्या, "तुह्या काकासारखाच वाजवते गं तो. तेबी तिथंच अडत." जराशाने म्हणाल्या, "फोन नको ठेवू."